डीकॅट केलेली सेकंडहँड गाडी पीयूसीत नापास. नेमकं काय काय उतरवावं लागेल?

उनाड_पिस्टन

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची, बीएस-४, टर्बो पेट्रोल हॅचबॅक. मी दुसरा मालक. पहिल्या मालकाने हौसेनं बरंच काही करून ठेवलंय: कॉटनचा उघडा एअर फिल्टर, टर्बोपासून मागे मोठ्या व्यासाचा पाइप, टोकाला फ्री-फ्लो कॅन (मोकळा सायलेन्सर) आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, रीमॅप. नव्या पाइपात कॅटकॉन (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नाहीच, सरळ नळी आहे, म्हणजे गाडी डीकॅट. मूळ पाइप त्याने फेकला नव्हता, तो गोणपाटात गुंडाळून गाडीबरोबरच दिलाय, कॅटकॉनसकट.

पीयूसीची मुदत संपली म्हणून केंद्रावर नेली तर मशिनने नापास केली. रिजेक्शन स्लिपवरचे आकडे जसेच्या तसे देतो. आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.७४ टक्के, एचसी म्हणजे न जळलेले हायड्रोकार्बन ३१२ पीपीएम. हाय आयडलला (उभ्या गाडीला रेस देऊन) सीओ ०.५८ टक्के, लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा १.००६.

केंद्रावरचा मुलगा म्हणतो मिक्श्चर रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, ट्यूनरकडून कमी करून आणा. ट्यूनर म्हणतो मॅप चोख आहे, त्यांचं मशीन बिघडलंय. दोघांच्या मध्ये मी. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा नाही, गाडी मस्त पळते, अ‍ॅव्हरेजही बरं देते.

आता प्रश्न. दोष मॅपचा की पाइपचा? फिल्टर आणि कॅन ठेवून पास होता येईल का? आणि हे सगळं आरटीओत दाखवून आरसीवर चढवून घेता येतं का, म्हणजे एकदाची कटकट मिटेल?

---

स्टॉक_बरा

सगळं काढा, कंपनीचं लावा, सुखाने झोपा. यापुढे चर्चा कसली?

---

रेडलाइन_राजा

एवढं काय मनावर घेता. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या गाड्या डीकॅट आहेत. गाडी न नेता पीयूसी काढून देणारे असतात, नंबर प्लेटचा फोटो पाठवला की काम होतं. इंजिनात पुन्हा हात घालायची गरजच नाही.

---

धूरमोजणी

राजे, तुमच्या ग्रुपचं तुमच्यापाशी ठेवा. मी बरीच वर्षं पीयूसी केंद्र चालवलं, आता घरचे बघतात आणि मी खुर्चीवर बसून टोमणे मारतो. गाडी न बघता दिलेला कागद पोलिसाला दाखवण्यापुरता. अधिकाऱ्याला संशय आला तर तो पीयूसी असतानाही गाडी तपासणीला लावू शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११६ त्यासाठीच आहे, आणि तो अधिकार फौजदार किंवा मोटार वाहन निरीक्षक दर्जापासून वर आहे. त्या तपासणीत गाडी बसली नाही तर दुरुस्त करून नवी पीयूसी आणेपर्यंत नोंदणी निलंबित होऊ शकते. मोकळ्या पाइपाचा आवाज चौकात आधी पोहोचतो, गाडी नंतर. संशय यायला आणखी काय लागतं?

आता पिस्टनराव, तुमची स्लिप. लोक ती चिडून चुरगाळतात, पण तिच्यात निदान लिहिलेलं असतं. बीएस-४ पेट्रोल चारचाकीला आयडलवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम ही हद्द. मग इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास, २०० इकडेतिकडे, धरून ठेवायचं. तिथे सीओ ०.२ च्या आत हवा आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये, कंपनीने वेगळा आकडा जाहीर केला नसेल तर.

तुमचा लॅम्डा १.००६ आहे. म्हणजे हवा आणि पेट्रोल अगदी हवं त्या प्रमाणात जळतंय. मिक्श्चर रिच असतं तर लॅम्डा एकच्या खाली घसरला असता आणि सीओ दोन-तीन टक्क्यांकडे पळाला असता. तेव्हा केंद्रावरच्या मुलाचं निदान चुकलं. ट्यूनरचं अर्धं बरोबर आहे, निदान आयडलपुरता मॅप ठीक आहे. पण मशीन बिघडलंय हे त्याने स्वतःच्या सोयीसाठी सांगितलं.

मिक्श्चर बरोबर असतानाही इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात साधारण अर्धा ते एक टक्का सीओ आणि दोन-तीनशे पीपीएम एचसी असतोच. ज्वलन शंभर टक्के कधीच होत नाही. सिलिंडरच्या थंड भिंतीलगतचं आणि पिस्टनच्या रिंगांवरच्या फटीतलं पेट्रोल अर्धवट राहतं. ते उरलेलं जाळायचं काम कॅटकॉनचं. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असतो. अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे तापला की तो सीओचा कार्बन डायऑक्साइड करतो, एचसी जाळतो, नायट्रोजन ऑक्साइड फोडतो. तुमचे आकडे म्हणजे इंजिनातून थेट बाहेर आलेला धूर. इंजिन निरोगी, कॅटकॉन गायब. गाडी न बघता हे सांगता आलं असतं.

हीच स्लिप लॅम्डा १.०६ घेऊन आली असती तर मी वेगळं सांगितलं असतं. लॅम्डा काही वेगळा मोजत नाहीत. मशीन सीओ, कार्बन डायऑक्साइड, एचसी आणि ऑक्सिजन या चौघांवरून तो काढतं. सायलेन्सरच्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी ऑक्सिजन वाढतो आणि मशिनला वाटतं गाडी लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. आफ्टरमार्केट पाइपांत हे सर्रास. फ्लॅंज नीट बसत नाही, गॅस्केट जुनंच वापरतात, वेल्डिंगला बारीक भोक राहतं. मग लोक बिचाऱ्या इंजेक्टरच्या मागे लागतात. आणखी एक, मशिनची नळी सायलेन्सरमध्ये किमान ३०० मिलिमीटर आत जायला हवी. काही फॅन्सी कॅनमध्ये आत आडवी जाळी किंवा वळण असतं, नळी वीतभरही जात नाही. मग बाहेरची हवा मिसळते आणि आकडे कशाचेच राहत नाहीत. अशी गाडी मी परत पाठवत असे, आणि त्यावर जेवढी भांडणं झाली तेवढी कशावरच नाहीत.

चेक इंजिनचा दिवा नाही म्हणून खूश होऊ नका. कॅटकॉन काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, पी०४२० कोड येतो. तुमच्याकडे दिवा लागत नाही याचा अर्थ रीमॅप करताना तो कोड झोपवलाय, किंवा मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला धुरापासून लांब ठेवणारा तुकडा) लावून त्याला फसवलंय. स्कॅनर लावून रेडीनेस मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते, बघा. कॅटलिस्टचा मॉनिटर कधीच पूर्ण होत नसेल तर खेळ सॉफ्टवेअरमधला आहे.

---

उनाड_पिस्टन

काका, हे कोणी सांगितलंच नव्हतं. स्कॅनर लावला. कॅटलिस्ट मॉनिटर ‘नॉट सपोर्टेड’ दाखवतोय. मग मूळ पाइप चढवला, मॅप आहे तसाच ठेवला, तर चालेल ना? पास तर होईल.

---

धूरमोजणी

आयडलला पास होईल. पण तो मॅप कॅटकॉन नाही असं धरून लिहिलाय, आणि कॅटकॉनचा काळ आयडलला येत नाही. फुल थ्रॉटलला असे मॅप जास्तीचं पेट्रोल टाकतात, काहींमध्ये गिअर बदलताना फटाके वाजवायला मुद्दाम टायमिंग मागे ओढलेलं असतं. न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन पेटतं, सिरॅमिकची जाळी वितळते, तिचे तुकडे पुढे अडकतात आणि गाडी श्वास कोंडल्यासारखी ओढायला लागते. पोत्यातून काढलेला चांगला कॅटकॉन काही महिन्यांत माती होईल. आधी मूळ सॉफ्टवेअर परत टाका. ट्यूनरने पहिल्या मालकाच्या गाडीची मूळ फाइल जपून ठेवली असेल तर उत्तम, नसेल तर अधिकृत वर्कशॉपमध्ये बहुतेक गाड्यांत ईसीयू पुन्हा फ्लॅश करता येतो. स्पेसर असेल तर तोही काढा.

फिल्टरचं विचारलंत. पीयूसीच्या मशिनला फिल्टर दिसत नाही, त्याच्यामुळे गाडी नापास होत नाही. फक्त कॉटनच्या फिल्टरला तेल लावतात ते हात राखून लावा. जास्त झालं तर ते एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि मिक्श्चर बिघडतं. कॅनचंही तसंच, आतून सरळ असला तरी कॅटकॉनच्या मागे असेल तर वायूच्या आकड्यांवर परिणाम नगण्य. आवाज हा वेगळा गुन्हा.

---

कायदेवेडा

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो. मी वकील नाही, पण या विषयात बराच जीव घातलाय.

पीयूसीत पास होणं आणि गाडी कायदेशीर असणं, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पीयूसी हा नियम ११५ चा विषय. कंपनीच्या स्पेसिफिकेशनपासून गाडी हलली की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. गाडीत असा बदल करायचा नाही की नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम बरंच कडक वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ कलम आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात मालकाने परवानगी नसलेला बदल केला, रेट्रोफिटिंगसुद्धा, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा *प्रत्येक बदलामागे* ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे हे शब्द नीट वाचा. पाइप एक, कॅन दोन, मॅप तीन, असं कोणी मोजायला बसलं तर हिशेब वाढत जातो.

याशिवाय १९० (२) आहे. प्रदूषण आणि आवाजाची मानकं मोडणारी गाडी चालवली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.

आरसीवर काय चढतं? रंग बदलला तर चढतो. परवानगीने इंजिन बदललं तर नंबर चढतो. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजी किट चढतं. डीकॅट पाइप कोणत्याही आरटीओत चढणार नाही, कारण तो चढवायला आरसीत रकानाच नाही आणि ज्या टाइप अप्रूव्हलवर (मॉडेलला मिळालेल्या मंजुरीवर) तुमची गाडी विकायला परवानगी मिळाली, ते अप्रूव्हल कॅटकॉनसकट आहे. फिल्टरबद्दल मात्र वाद घालायला जागा आहे. कायद्यातच ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं, असं स्पष्टीकरण आहे. एअर फिल्टरने मूळ वैशिष्ट्य बदलतं असं म्हणणारा निरीक्षक मला अजून भेटलेला नाही. भेटलाच तर त्याच्याशी रस्त्यावर वाद घालू नका.

---

रेडलाइन_राजा

म्हणजे पीयूसीचं मशीन फक्त आयडल बघतं, मॅप बघत नाही, फिल्टर बघत नाही. मग स्टेज वन (पहिल्या पायरीचा) मॅप ठेवून, कॅटकॉन लावून, गाडी पास. कायदा कागदावर. बरोबर ना?

---

धूरमोजणी

मशिनपुरतं बरोबर, आणि मला ते आवडत नाही. उभ्या गाडीचा धूर मोजून रस्त्यावरच्या गाडीचं प्रदूषण कळत नाही. पेट्रोल गाडीचं नायट्रोजन ऑक्साइड आपल्या पीयूसीत मोजलंच जात नाही. डिझेलचं तर विचारूच नका. तिथे रेस देऊन नुसता काळेपणा मोजायचा, बीएस-४ ला हद्द १.६२ प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी सोय) बंद केलेली डिझेल माझ्याकडे येई आणि धूर उलट कमी दाखवून जाई, कारण ईजीआर बंद केला की काजळी घटते आणि न मोजला जाणारा नायट्रोजन ऑक्साइड वाढतो. मालक विजयी मुद्रेने बघत असे. मी सर्टिफिकेट द्यायचो, कारण आकडा हद्दीत होता आणि नियमाने मला तेवढंच मोजायला सांगितलं होतं.

पण म्हणून तुमचा स्टेज वन कायदेशीर होत नाही, वर कायदेवेड्यांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा.

---

सातासमुद्रापार

इथे कॅलिफोर्नियात राहतो म्हणून दोन ओळी. इथल्या स्मॉग चेकमध्ये, म्हणजे इथल्या पीयूसीत, डोळ्यांनीही तपासणी होते. बॉनेट उघडून तंत्रज्ञ बघतो की कारखान्यातून आलेला प्रत्येक प्रदूषण-भाग जागेवर आहे का. आफ्टरमार्केट इनटेक लावता येतो, पण त्यावर राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (मंजुरीचा) नंबर हवा आणि तो नंबर तुमच्याच मॉडेलला लागू हवा. नंबर नाही तर धूर कितीही स्वच्छ असो, गाडी नापास. बदली कॅटकॉनलाही असाच नंबर लागतो. जुलै २०२१ पासून तर ईसीयूमधलं सॉफ्टवेअर उत्पादकाच्या मंजूर आवृत्तीशी जुळतं का तेही तपासतात. माझ्या शेजाऱ्याची रीमॅप गाडी बाकी सगळ्यात ठीक होती, तिथे अडकली. मूळ फाइल टाकून आणल्यावर सुटली.

यात मला पटलेली गोष्ट अशी की बदलाला दार बंद नाही, पण दारावर नंबर तपासणारा बसलाय. सुटे भाग विकणाऱ्यांनी आधी चाचणी देऊन नंबर घ्यायचा, मालकाने फक्त नंबर बघून घ्यायचा. भारतात मालकाला असा कागद कोण देणार?

---

गॅसवाली_ताई

सीएनजीच्या बाबतीत देतात की! माझ्या पेट्रोल गाडीला बाहेरून किट बसवलं. किट त्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त होतं, बसवणाऱ्याने अप्रूव्हलची प्रत, सिलिंडरचं सर्टिफिकेट आणि बिल दिलं, आरटीओत तपासणी झाली, आरसीवर पेट्रोल/सीएनजी आलं. विमा कंपनीलाही कळवलं. पण पीयूसी काढायला गेले तर तिथला माणूस म्हणतो गाडी सिस्टिममध्ये पेट्रोलच दाखवते आणि सीएनजीवर एचसी जास्त येतोय. आरसी तर हातात आहे. काका, यातलं खरं काय?

---

धूरमोजणी

ताई, दोन गोष्टी एकत्र झाल्यात. पीयूसीचं पोर्टल गाडीचं इंधन आणि बीएस नॉर्म सरकारच्या ‘वाहन’ डेटाबेसमधून उचलतं, ते टाइप करायचं काम केंद्रवाल्याचं नाही. छापील आरसीवर बदल आलाय आणि डेटाबेसमध्ये नाही असं झालं असेल तर आरटीओतच दुरुस्त करून घ्या. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून काय दिसतं ते आधी बघा.

एचसीचं म्हणाल, सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मशीन मिथेनलाही एचसी म्हणूनच मोजतं. म्हणून नियमात सीएनजीसाठी मोजलेल्या एचसीला ०.३ ने गुणून मिथेनेतर एचसी काढायचा असतो आणि तो हद्दीशी ताडायचा. ५०० दिसला तर १५० धरायचा. गाडी पेट्रोल म्हणून नोंदलेली असेल तर सिस्टिम हा गुणाकार करणार नाही आणि तुमची चांगली गाडी नापास होईल. एलपीजीला हा आकडा ०.५.

आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी, ती विसरू नका. बीएस-६ गाडीवाल्यांनीही इथे कान द्या: ३.५ टनांखालच्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसवायला ऑगस्ट २०२२ पासून परवानगी आहे, पण बीएस-४ साठी मान्य झालेलं किट बीएस-६ ला चालत नाही. अप्रूव्हलच्या कागदावर मॉडेल, नॉर्म आणि मुदत, तिन्ही वाचून मगच पैसे मोजा.

---

उनाड_पिस्टन

झालं काम. ट्यूनरकडे मूळ फाइल होती, कुरकुरत का होईना टाकून दिली. मागच्या सेन्सरला स्पेसर निघालाच, काढला. मूळ पाइप नव्या गॅस्केटसह चढवला. कॅन जुनाच ठेवला होता, पण तो मूळ फ्लॅंजला बसेना म्हणून तोही कंपनीचा घातला. फिल्टर ठेवलाय.

गाडी थोडी गुळगुळीत वागते आता, वरच्या आरपीएमला मात्र जीव कमी वाटतो, खोटं कशाला बोलू.

त्याच केंद्रावर गेलो. आयडलला सीओ ०.०४, एचसी ३८. हाय आयडलला सीओ ०.०२, लॅम्डा १.००२. मोबाइलवर ओटीपी आला आणि वर्षभराची पीयूसी मिळाली. तो मुलगा म्हणाला, "बघा, सांगितलं होतं ना, मिक्श्चर."

काका, आता तो सरळ पाइप एकाला विकत हवाय. देऊ का?

---

धूरमोजणी

आधी विचारा गाडी कुठली. बंद ट्रॅकवर पळणारी, नोंदणी नसलेली असेल तर द्या. रस्त्यावरची असेल तर तो पाइप चार महिन्यांनी रिजेक्शन स्लिप होऊन याच धाग्यावर परत येईल आणि मला पुन्हा सगळं टाइप करावं लागेल. भंगारवाला स्टेनलेसचा चांगला भाव देतो.

आणि जाता जाता, गाडी पीयूसीला नेताना पंधरा-वीस मिनिटं चालवून नेत जा. थंड कॅटकॉन काम करत नाही. पावसात तर रांगेत उभं राहतानाही इंजिन बंद करू नका.